लिफ्टवाल्यांची सहल

सोमवार, १४ ऑक्टोबर
जिल्हा रुग्णालय, हाडांचा वॉर्ड

ठके,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज मला धड लिहिता येत नाही. चार शब्द झाले की बोट भलतीकडे पडतं आणि अर्धवटच निघून जातो. म्हणून कागद घेतला. जावईबापूंनी आधी उघडलं तरी हरकत नाही, लपवण्यासारखं यात काही नाही.

लिफ्टवाले पडले. उजव्या मांडीचं हाड मोडलंय, वर खुब्यापाशी. परवा ऑपरेशन आहे. शुद्धीवर आहेत, बोलतात, फक्त कूस बदलता येत नाही. मी ठणठणीत आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण पत्र उघडलंसच तर तू पहिल्यांदा तेच शोधशील.

मी त्यांना लिफ्टवालेच म्हणते, अजून. 'हे' म्हणायला जीभ वळत नाही. 'हे' म्हटलं की मला तुझे बाबाच दिसतात. आमच्या रुग्णालयाच्या तळघरात माझं शिवणघर, आणि लिफ्टच्या तळाची तपासणी करायला ते तिथे यायचे, तेव्हापासून सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणत आले आणि मला टाकेबाई. ते मला नुसतं 'बाई' म्हणतात. साठीच्या दारात लग्न केलं म्हणून तोंडातली नावं लगेच बदलत नाहीत.

तू म्हणशील, जंगलात कशाला गेला होतात? त्यांच्या जुन्या कंपनीतल्या मंडळींनी लग्नाची भेट म्हणून दोन तिकिटं दिली होती. 'जोडप्यांसाठी जंगलदर्शन, एक दिवस.' ती कपाटात पडून होती. मुदत संपत आली तसं मी म्हटलं, "फुकट जातील." ते म्हणाले, "जाऊ दे की." आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच बाजारात जाऊन दोघांना रबरी तळव्याचे बूट घेऊन आले.

शनिवारी पहाटे बस निघाली. सगळी नवी लग्नं झालेली पोरं. पांढऱ्या केसांची डोकी आमची दोनच. गाईड माइक घेऊन पुढे उभा. म्हणाला, "या जंगलात बाराही महिने पाऊस पडतो मंडळी, त्यामुळे भांडण झालं तर कोण रडलं ते कळत नाही." सगळे हसले. आमच्या पुढच्या बाकावर एक मुलगी होती, तुझ्याहून बरीच लहान. तिला हसू आवरेना. मग मागे वळून तिने आम्हाला खाऊचं पाकीट पुढे केलं.

घाट चढायला लागलो तशा काचा आतून धुरकटल्या. हाताने पुसावं तर बाहेर नुसते बुंधे. झाडांचे शेंडे दिसायचेच नाहीत, इतकी उंच. एकेका बुंध्यावर दुसरी दहा झाडं बसलेली, वेली, शेवाळ, दाढ्यांसारखं काहीतरी लोंबतंय. माणसाच्या उंचीची नेची. खाली उतरलो तर हवा अगदी आमच्या धुलाईघरासारखी, वाफेची आणि ओल्या कापडाची. मी तसं म्हटलं तर लिफ्टवाले म्हणाले, "निवृत्त झाल्यावर पण कामावरच आलात म्हणायचं."

धबधबा पाहिला. फोटो काढायला रांग होती. त्या मुलीने आमचा काढला. "जवळ या ना काकू, अजून जवळ." आम्ही आपले फाटकाच्या दोन खांबांसारखे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. "ओला आहे," म्हणाले. फोटोत तो हात अधांतरीच आलाय.

जेवणानंतर झाडांच्या शेंड्यांवरून बांधलेला झुलता पूल. लोखंडी दोरांवर टांगलेला, खाली खोल दरी आणि नुसती हिरवी झाकणं. सगळे खाली वाकून बघत होते आणि आमचे लिफ्टवाले पुलाच्या तोंडाशी दोर कुठे बांधलाय ते चाचपत होते. "दोर नाही बाई, रोप म्हणायचं." तिथेच जमिनीतून दुसरा एक जुना रोप निघाला होता, गंजून लाल झालेला, आणि तो झुडपांतून उताराला कुठेतरी जात होता. पाटीवर लिहिलं होतं की पूर्वी इथून तोडलेली लाकडं ओढून नेत. त्यांनी त्यावर हात ठेवला. "याच्या टोकाला यंत्र असणार," म्हणाले.

पूल ओलांडून गेलो, फिरून त्याच तोंडाशी परत आलो. माझे गुडघे भरून आले होते, मी बाकावर बसले. ते म्हणाले, जरा जाऊन येतो. गेले.

मग पाऊस आला. इथला पाऊस थेंबाथेंबाने येत नाही, कुणी बादली उपडी केल्यासारखा येतो. गाईडने शिट्टी वाजवली, सगळे धावत बसमध्ये गेले, डोकी मोजली. लिफ्टवाले नव्हते. हाका मारल्या. पावसात आपलीच हाक आपल्याला ऐकू येत नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, फाटक अंधार पडायच्या आत बंद होतं. मागून कुणीतरी कुरकुरलं की आमची पुढची गाडी चुकेल. गाईड वाईट नव्हता, पण घाबरला होता. "काकू, तुम्ही बसमध्ये बसा. फाटकावर गेलो की मी पहारेकऱ्यांना कळवतो."

"आधी त्यांना इथे बोलवा. मग बस हलेल."

"असं कसं काकू, बाकीचे लोक—"

मी बसच्या पुढे जाऊन उभी राहिले. तुला पटणार नाही. तुझी आई, जिने बसमध्ये जागेसाठी कधी कुणाला 'सरका' म्हटलं नाही. ड्रायव्हरने एकदा भोंगा वाजवला, मग बंद केलं इंजिन.

गाईडने शेवटी फाटकावर फोन लावला. पहारेकरी आला जीपमधून, बरोबर आणखी दोघं. वयस्क होता, सावकाश बोलत होता. नाव विचारलं, वय विचारलं, अंगावर काय होतं विचारलं. मग म्हणाला, "तुम्ही कोण त्यांच्या?"

सोपा प्रश्न. नोंदणी कार्यालयात सही केली होती, पण हा शब्द मी तोंडाने कुणापुढे उच्चारला नव्हता. "बायको," मी म्हटलं. पावसात त्याला ऐकू गेलं नाही. परत म्हणावं लागलं, मोठ्याने.

ते तिघं वरच्या टोकाकडे निघाले होते. तिथून दरी दिसते, लोक फोटोसाठी तिकडे जातात आणि घसरतात, म्हणाले. मी म्हटलं, "वर नाही जायचे ते. तो गंजका रोप जिकडे गेलाय तिकडे बघा."

"तिकडे वाट नाही काकू."

"वाट नसली तरी ते तिकडेच गेले असतील."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बरोबरच्यांना परत बोलावलं. रोपाच्या कडेकडेने गेलो. बऱ्याच खाली, ओढ्याच्या काठी एक गंजकं धूड होतं, दोर गुंडाळायच्या पिंपांचं, त्यातून झाड उगवलेलं. त्याच्या अलीकडच्या घळीत लिफ्टवाले पडले होते.

ठके, लग्नाचं सांगायला मी तुझ्याकडे आले होते, तेव्हा तू म्हणालीस, "त्या माणसाला तू ओळखतेस तरी किती?" तेव्हा फार ओळखत नव्हतेच. आताही फार ओळखते असं नाही. त्यांच्या पहिल्या बायकोला काय आवडायचं, मला माहीत नाही. लहानपणी कुठल्या शाळेत होते, माहीत नाही. पण गंजलेला रोप दिसला की त्याचं दुसरं टोक बघितल्यावाचून तो माणूस परतायचा नाही, एवढं मला माहीत होतं.

नर्स दिवा मालवायला सांगते आहे. इथल्या चादरीला कुणीतरी घाईत ठिगळ लावलंय, पांढऱ्यावर पिवळा धागा. मला ते सारखं दिसतंय.

तुझी आई


शनिवार, १९ ऑक्टोबर
तिथेच

ठके,

तुझा मेसेज काल मिळाला. 'तू बरी आहेस ना. त्यांना एकट्याला का जाऊ दिलंस.' दोनच वाक्यं, पण मी ती पुन्हापुन्हा वाचली. 'त्यांना' लिहिलंस. पाहिलं मी.

ऑपरेशन झालं. आत सळई घातली आहे. "आता मला पण वर्षातून एकदा तेल घाला," असं डॉक्टरांना म्हणाले. डॉक्टर तरुण आहेत, हसले. दोन दिवस बरे गेले. काल संध्याकाळपासून मात्र अंगात ताप आहे आणि छातीत घरघर. एवढा वेळ गार पाण्यात भिजत पडले होते, त्यात आता हालचाल नाही, फुप्फुसात धरलंय म्हणतात. औषधं बदलली आहेत.

आता तुझ्या प्रश्नाचं. तू लहानपणापासून अशीच, शिवणीवर बोट ठेवून विचारायचीस, इथे टाका का वाकडा आहे? मागच्या पत्रात मी ताकाला जाऊन भांडं लपवलं. ते नुसते 'जरा जाऊन येतो' म्हणून गेले नाहीत. आमचं भांडण झालं होतं.

बसमध्ये त्या पुढच्या मुलीने विचारलं, "काकू, किती वर्षं झाली तुमच्या लग्नाला?" आणि मी म्हटलं, "छत्तीस."

तुझ्या बाबांबरोबरची छत्तीस. खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं, खरं होतं, पण दुसऱ्याचं. त्या क्षणी मला आठ महिने म्हणवेना. त्या पोरी हातावरची मेंदीसुद्धा न उतरलेल्या, आरशात बघत बसलेल्या, आणि त्यांच्यात मी पण नवी नवरी, असं सांगू? तूच म्हणाली होतीस ना, म्हातारचळ. तो शब्द माझ्या कानात बसलाय गं. तुझा दोष नाही, पण बसलाय.

मुलीने टाळ्या वाजवल्या. गाईडला सांगितलं. त्याने माइकवरून जाहीर केलं, सगळी बस टाळ्या वाजवायला लागली. लिफ्टवाल्यांना उभं केलं. "काका, छत्तीस वर्षांचं गुपित सांगा आम्हाला." ते वरचा दांडा धरून उभे. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "बाईंना विचारा. त्यांना जास्त माहीत आहे." सगळे हसले. मीही हसले, ठके. ते मला जास्त टोचतं.

धबधब्यापाशी ते गमतीने बोलत होते, तुला लिहिलं ते सगळं खरं आहे. मला वाटलं, विसरले. पुलावरून परत आल्यावर बाकाशी उभे राहून म्हणाले, "छत्तीस म्हणालात."

"चुकून निघालं तोंडातून."

"चुकून नाही."

"मग काय सांगायचं होतं? आठ महिने? या वयात? त्या पोरी कशा बघतील माझ्याकडे?"

"कशा बघतील?"

ते चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "माझी लाज वाटते तुम्हाला. वाटू दे, त्याचं काही नाही, सवयीने जाईल. पण मला दुसऱ्याच्या जागी उभं करून टाळ्या नका वाजवायला लावू."

आणि मग मी म्हटलं, "त्यांच्या जागी तुम्ही उभे राहूच शकत नाही."

बोलून गेले. एकदा कात्री चालली की चालली. त्यांनी मान हलवली, म्हणजे हो, बरोबर आहे, अशी. आभाळ भरून आलं होतं. हातातली छत्री माझ्या बाजूला बाकावर ठेवली. "राहू द्या तुमच्याकडे," म्हणाले आणि गेले. मी पाठमोरं पाहिलं त्यांना. हाक मारली नाही.

म्हणून एकट्याला जाऊ दिलं.

आता उरलेलं पण सांगते. बस अडवून मी उभी होते तेव्हा ती मुलगी खाली उतरली. नवरा खिडकीतून हाका मारत होता तिला. तिने आपला रेनकोट काढला आणि माझ्या अंगावर घालायला लागली. रडत होती. म्हणाली, "काकू, काही होणार नाही. छत्तीस वर्षांचा संसार आहे तुमचा."

मी म्हटलं, "छत्तीस नाही गं. आठ महिने. पहिले वारले."

ती रेनकोटची बटणं लावत राहिली, खालपासून वरपर्यंत, अगदी गळ्याशीचं सुद्धा, लहान मुलाला शाळेत पाठवताना लावतात तशी. मग बसमध्ये जाऊन बसली. पहारेकरी आल्यावर मी बाजूला झाले आणि बस गेली.

घळीत उतरायला वाट नव्हतीच. पहारेकऱ्याने हात धरला आणि मी बसून घसरत घसरत गेले. लिफ्टवाले कुशीवर पडले होते, पाय वेडावाकडा. ओठ निळे. मला बघून म्हणाले, "तुम्ही कशाला उतरलात? गुडघे आहेत का तुमचे?"

मी छत्री उघडून त्यांच्यावर धरली. भिजायचं काही शिल्लक नव्हतं, तरी धरली. बाकीचे दोघं स्ट्रेचर आणायला वर गेले. लिफ्टवाले म्हणाले, "बस गेली?"

"गेली."

"बरं झालं. फार टाळ्या वाजवतात."

मी म्हटलं, "त्या मुलीला मी खरं सांगितलं."

ते डोळे मिटून पडले होते, उघडले. "काय म्हणाली?"

"काही नाही. बटणं लावली."

त्यांना हसू आलं आणि हसण्याने पाय दुखला, तेव्हा माझा हात असा काही आवळला की बोटांवर अजून वळ आहेत. आमचं एवढंच बोलणं झालं. क्षमा वगैरे कुणी मागितली नाही. चिखलात बसून माणसाला ते सुचत नाही. मला वाटलं, घरी गेल्यावर बोलू सगळं सावकाशीने.

तुला बोलावत नाही. तुझं घर आहे, नोकरी आहे. पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. लग्नाच्या आधी तू येऊन बाबांचा फोटो भिंतीवरून काढून नेलास ना, त्यानंतर मार्चमध्ये आम्ही त्या खोलीला रंग दिला. म्हणजे त्यांनीच दिला. मी म्हटलं, तो खिळा उपटून टाका, वाईट दिसतो. त्यांनी नाही उपटला. खिळ्याच्या भोवतीने बारीक ब्रशने रंग दिला. "फोटो परत आला तर कुठे लावाल?" म्हणाले.

ताप वाढतोय वाटतं. जाते.

तुझी आई


रविवार, ३ नोव्हेंबर
घर

ठके,

तुला सगळं कळलंच आहे. बुधवारी, तेवीस तारखेला सकाळी ते गेले. जावईबापू आले, सगळं आटोपेपर्यंत थांबले. सह्या कुठे करायच्या ते दाखवलं, मला घरी आणून सोडलं, स्वयंपाकघरात जाऊन दूध तापवलं आणि उतू घालवलं. गुणी आहे पोरगा. तुझ्याबद्दल म्हणाले, "तिला बरं नाही." मी पुढे काही विचारलं नाही.

शेजारीण येऊन बसते. परवा म्हणाली, "आठ महिन्यांसाठी कशाला एवढा उपद्व्याप केलात हो? एकदा भोगलं होतंत ना, पुन्हा तेच कपाळी." तिच्या मनात वाईट नव्हतं. मला तिला उत्तर द्यायचं होतं, जमलं नाही, म्हणून तुला देते. तुझे बाबा गेल्यावर मी तीन वर्षं एकाच ताटलीत जेवत होते. अधल्यामधल्या वारी तू फोन करायचीस, "जेवलीस का?" आणि मी म्हणायचे, "हो." जेवायचे मी खरंच. पण जेवताना कुणीतरी "मीठ जास्त झालंय" म्हणावं लागतं गं. लिफ्टवाले म्हणायचे. रोज म्हणायचे. एका रविवारी मी मीठ घातलंच नाही, तरी म्हणाले. म्हणून काही तुझे बाबा पुसले गेले नाहीत. कापडात एक टाका उसवून त्याच भोकात दुसरा घालत नाहीत, घातला तर कापड फाटतं. शेजारी घालावा लागतो. मी तसाच घातला होता.

आता जे विचारायला बसले ते.

मंगळवारी दुपारी, म्हणजे आदल्या दिवशी, मी इंजेक्शन आणायला खाली औषधाच्या दुकानात गेले होते. रांग होती. माझा फोन त्यांच्या उशाशीच राहिला. परत आले तर त्यांनी फोन छातीवर दोन्ही हातांनी धरला होता, कुणी हिसकावून नेईल असा.

मला पाहून तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "लेकीचा फोन होता."

"काय म्हणाली?"

"येते म्हणाली."

"कधी?"

"ते नाही विचारलं. मी म्हटलं, रात्रीची बस पकडू नकोस. घाट आहे. दिवसाची पकड."

"आणखी?"

"आणखी काय. ऐकत होती."

मास्क परत लावला मी. ताप खूप होता, ठके. सकाळीच ते मला म्हणाले होते, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकलीय, आत माणूस आहे, किल्ली द्या. नर्सला त्यांनी आपल्या पहिल्या बायकोच्या नावाने हाक मारली होती. त्यामुळे काय धरावं आणि काय सोडावं, मला समजेना. मी फोन बघितला. तुझा फोन खरंच आला होता, उचललाही होता. मी लगेच उलटा लावला. तू घेतला नाहीस.

संध्याकाळी नर्स बिछाना बदलायला आली तर तिला म्हणाले, दाढी करायची आहे. ती म्हणाली, "आजोबा, आता कशाला? उद्या करू." ते म्हणाले, "लेक यायची आहे." तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मी मान हलवली. तिने पाणी आणलं आणि मास्क जरा जरा बाजूला सरकवत हळूहळू दाढी केली. मध्ये मध्ये दम लागत होता, ती थांबायची. झाल्यावर त्यांनी गालावरून हात फिरवून पाहिला. हनुवटीखाली थोडे केस राहिले होते, तिथे बोट ठेवून दाखवलं. तिने तेही काढले.

"मुलगी कुठे असते?" तिने विचारलं.

"लांब," म्हणाले. "पण येते."

रात्री त्यांना झोप लागली. सकाळी उठलेच नाहीत. चेहरा स्वच्छ होता.

जावईबापूंना मी हे काही विचारलं नाही. त्यांना त्या फोनचं माहीत आहे की नाही, तेही ठाऊक नाही. माझं दुसरं पत्र तोवर तुझ्या हातात पडलं होतं का? ते वाचून फोन केला होतास का? की नुसतंच 'आईला द्या' म्हणालीस आणि माणूस भलतंच बोलतोय म्हणून ऐकत राहिलीस? की काहीच बोलली नाहीस? दहा दिवस मी हेच उलटसुलट करते आहे. भांडी घासताना, झोपताना. मग काल दुपारी मनाशी ठरवलं की विचारायचं नाही. तू काय म्हणालीस ते मला कळवू नकोस. त्यांना जे ऐकू आलं त्याच्यावर त्यांनी दाढी केली. त्यात मी आता ढवळाढवळ करणार नाही.

तू रडली असशील तर एकटी रडली असशील, मला माहीत आहे. बाबांच्या वेळेलाही तू मोरीत जाऊन नळ सोडून रडलीस. आता तसं करू नकोस. मी पण नाही करत.

तेव्हा येते म्हणाली असलीस तर ये. म्हणाली नसलीस तरी ये.

दिवसाची बस पकड.

आई